कोयनानगर ते औंध : अतिवास्तववादाकडे जाणारी एका दिवसाची वाट

एकाच चित्रकाराला किंवा शिल्पकाराला वाहिलेली संग्रहालये युरोपात बरीच आहेत, आणि त्यांपैकी अतिवास्तववादी कलावंतांच्या संग्रहालयांकडे प्रवाशांचा ओढा विशेष असतो. साल्वादोर दालीने स्पेनमधील फिगेरेस या आपल्या जन्मगावी स्वतःच्या देखरेखीखाली उभारलेले नाट्यगृह-संग्रहालय १९७४ साली खुले झाले, तर ब्रुसेल्समध्ये रने माग्रितच्या चित्रांचे स्वतंत्र संग्रहालय २००९ साली सुरू झाले. बार्सिलोनाहून सकाळच्या आगगाडीने निघून फिगेरेस पाहून संध्याकाळी परतणे हा तर तेथील पर्यटनाचा नेहमीचा बेत आहे. महाराष्ट्रात अतिवास्तववादी कलावंताला वाहिलेले असे संग्रहालय नाही. तथापि कोयनानगरहून एका दिवसात जाऊन परतता येईल अशा अंतरावर, सातारा जिल्ह्यातच, खटाव तालुक्यातील औंध येथे श्री भवानी वस्तुसंग्रहालय आहे. अतिवास्तववादाशी ज्याचे नाव इंग्लंडमध्ये पहिल्यापासून जोडले गेले, त्या हेन्री मूर या शिल्पकाराचे माता व बालक या विषयावरील पाषाणशिल्प तेथे आहे. हे संग्रहालय मूरला वाहिलेले नाही, किंबहुना तेथील शेकडो वस्तूंत मूरचे शिल्प हे एक अपवादच आहे. परंतु अतिवास्तववाद समजून घेण्यासाठी केवळ त्यालाच वाहिलेल्या वास्तूपेक्षा असे संमिश्र संग्रहालय अधिक उपयोगी पडते, कारण ज्या वास्तववादाविरुद्ध ही चळवळ उभी राहिली, त्याचे उत्तम नमुने तेथे त्याच छपराखाली पाहावयास मिळतात.

कोयनानगर ते औंध हा प्रवास एकाच जिल्ह्यातील असला, तरी तो दोन भिन्न हवामानांतून होतो. सह्याद्रीच्या ऐन कुशीतील कोयनानगर आणि हेळवाक परिसरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर खटाव आणि माण हे तालुके अवर्षणप्रवण म्हणून ओळखले जातात. कोयना नदीच्या काठाने पाटण आणि मल्हारपेठ मागे टाकून उंब्रजला पुणे-बंगळूर महामार्ग लागतो, तेथून कृष्णा ओलांडून मसूरच्या बाजूने पूर्वेकडे वळले की भाताची खाचरे आणि दाट रान कधीच मागे पडलेले असते, आणि रहिमतपूर किंवा पुसेसावळी यांपैकी कोणत्याही वाटेने औंध जवळ करताना ज्वारीची शिवारे व उघडे माळ दिसू लागतात. औंधला यमाईदेवीचे मूळपीठ असलेला डोंगर दुरूनच नजरेत भरतो, आणि त्याच डोंगराच्या चढावर संग्रहालयाची इमारत आहे. देवीच्या दर्शनाला निघालेले कुटुंब वाटेतच चित्रे पाहून जाईल, अशी ही जागा आहे; संस्थानच्या राजधानीतील संग्रहालय राजवाड्यात न ठेवता यात्रेकरूंच्या वाटेवर बांधावे, यात बांधणाऱ्याचा स्वभाव दिसतो.

संग्रहालय बांधणारे होते औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी ऊर्फ बाळासाहेब (१८६८-१९५१). सूर्यनमस्काराचे प्रचारक म्हणून त्यांचे नाव महाराष्ट्राला परिचित आहे, परंतु ते स्वतः चित्रकार होते, रामायणावर त्यांनी चित्रमालिका केली होती, अजिंठ्याच्या लेण्यांवर पुस्तक लिहिले होते, आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे उपलब्ध हस्तलिखिते ताडून ठरवलेली संहिता, काढण्याचे हाती घेतले, त्यामागे त्यांनी १९१८ साली देऊ केलेली एक लाख रुपयांची देणगी होती. १९३८ साली हे संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. त्याच सुमारास बाळासाहेब, त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने संस्थानचा कारभार प्रजेच्या हाती सोपवण्याची योजना आखली, जिला १९३९ च्या राज्यघटनेचे रूप आले. राज्य सोडण्याची आणि संग्रह लोकांपुढे मांडण्याची कामे एकाच काळात चालली होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आज संग्रहालयाची व्यवस्था राज्य शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये विभागाकडे आहे.

दालनांत लघुचित्रे आहेत, बंगाल शैलीची चित्रे आहेत, हस्तिदंताचे व चंदनाचे कोरीव काम आहे. परंतु सर्वसाधारण प्रेक्षक थबकतो तो राजा रविवर्मा यांच्या तैलचित्रांपुढे. अज्ञातवासात दासी होऊन राहिलेल्या द्रौपदीचे, म्हणजे सैरंध्रीचे, चित्र त्यांत आहे. रविवर्मा यांची पद्धत ही युरोपातील कलाविद्यालयांनी घडवलेली वास्तववादी पद्धत होय. प्रकाश एका बाजूने येतो व त्याप्रमाणे छाया पडतात, कापडाच्या चुण्या कापडासारख्याच दिसतात, त्वचेखाली हाडे आहेत याची जाणीव होते, आणि दूरच्या वस्तू लहान होत जातात. मात्र या साऱ्या वास्तवसामग्रीतून जे उभे राहते, ते कोणी डोळ्यांनी पाहिलेले नसते. विराटाच्या वाड्यातली द्रौपदी रविवर्मांनी पाहिली नव्हती, त्यांच्या प्रेक्षकांनीही नव्हती. चित्राचे सारे यश असे, की न पाहिलेली गोष्ट पाहिल्यासारखी वाटावी. वास्तववादी तंत्राचा हा अवास्तव विषयासाठी केलेला वापर लक्षात ठेवला, तर पुढे दालीची चित्रे समजायला फारसे सायास पडत नाहीत.

अतिवास्तववाद ही चळवळ पहिल्या महायुद्धानंतरच्या पॅरिसमध्ये उदयास आली. तिचा प्रवर्तक आंद्रे ब्रेतों हा कवी युद्धकाळात वैद्यकीचा विद्यार्थी असताना मनोरुग्ण सैनिकांच्या शुश्रूषेवर होता, आणि तेथे त्याला फ्रॉइडच्या मनोविश्लेषणपद्धतीची, म्हणजे रुग्णाला मनात येईल ते न अडखळता बोलू देऊन त्याच्या नेणिवेतील दडपलेल्या इच्छा व भये यांचा माग काढण्याच्या पद्धतीची, ओळख झाली. ज्या तर्कशुद्ध, सुसंस्कृत म्हणवणाऱ्या युरोपने लाखो तरुण खंदकांत मारले, त्याच्या तर्कावर विश्वास ठेवण्याचे कारण उरले नाही, अशी ब्रेतों आणि त्याच्या सोबत्यांची भावना होती. १९२४ साली त्याने चळवळीचा पहिला जाहीरनामा प्रसिद्ध केला व त्यात स्वप्न आणि जागृती या दोन अवस्था एका उच्चतर वास्तवात एकत्र येतील, अशी आशा मांडली. म्हणून अतिवास्तव म्हणजे वास्तवापासून पळ काढणे नव्हे. नेणिवेचा वगळलेला अर्धा भाग धरून बनणारे पूर्ण वास्तव, असा त्याचा अर्थ चळवळीला अभिप्रेत होता.

हे साधायचे कसे, याविषयी मात्र कलावंतांत दोन वाटा पडल्या, आणि विचित्र दिसते ते सारे अतिवास्तव, असा जो ढोबळ समज आपल्याकडे रूढ आहे, तो या दोन वाटा न ओळखल्यामुळेच. पहिली वाट स्वयंचलनाची. हात, साहित्य आणि योगायोग यांना मोकळे सोडायचे, आणि जे उमटेल त्यात आकृती शोधायची. माक्स एर्न्स्टने १९२५ साली लाकडी फळ्यांवर कागद ठेवून त्यावर शिसपेन्सिल घासली व लाकडाच्या नसांच्या उमटलेल्या ठशांतून अरण्ये आणि प्राणी काढले, हा तिचा प्रसिद्ध दाखला. दुसरी वाट स्वप्नचित्रणाची. तिच्यात आधी मनात दिसलेली अशक्य प्रतिमा छायाचित्राच्या बारकाईने रंगवायची असते. दाली आणि माग्रित या दुसऱ्या वाटेचे. १९३१ सालचे दालीचे वितळणाऱ्या घड्याळांचे चित्र, जे आज न्यूयॉर्कमध्ये आहे, ते शाळकरी वहीच्या दोन पानांएवढेसुद्धा मोठे नाही आणि त्यातील प्रत्येक पृष्ठभाग जुन्या उस्तादांच्या तैलरंगकौशल्याने घोटलेला आहे. तंत्राच्या बाजूने पाहिले, तर रविवर्मा आणि दाली एकाच शाळेचे विद्यार्थी ठरतात, फरक एवढाच की रविवर्मांचे स्वप्न साऱ्या समाजाला आधीच पाठ होते आणि दालीचे स्वप्न एकट्या दालीचे होते.

फिगेरेसचे संग्रहालय हे या दुसऱ्या वाटेचे टोक म्हणावे लागेल. स्पेनच्या यादवी युद्धाच्या अखेरीस जळालेल्या नगर-नाट्यगृहाच्या भग्न भिंतींत ते उभारले आहे, रंगमंचावर काचेचा गोल घुमट आहे, बाहेरील भिंतींवर पावांच्या आकृत्या आणि कडेला प्रचंड अंडी आहेत, अंगणात एका मोटारीच्या आत पाऊस पडतो, आणि १९८९ साली वारलेला दाली रंगमंचाखालच्या तळघरात पुरला आहे. सारी वास्तू हीच एक कलाकृती असल्याने तेथे प्रेक्षक चकित होतो. मात्र सगळेच चमत्कारिक असले की कशाचेच नवल उरत नाही, ही उणीवही तेथेच जाणवते.

या दालीचा भारताशी आलेला संबंध थोडक्यात नोंदवण्यासारखा आहे. १९६७ साली मुंबईत मुख्यालय असलेल्या एअर इंडियाने आपल्या निवडक प्रवाशांना भेट देण्यासाठी दालीकडून चिनीमातीचे रक्षापात्र करून घेतले. शिंपल्याच्या आकाराची तबकडी, तिच्या कडेने वेटोळे घातलेला सर्प आणि खाली आधाराला हंस व हत्तीची मस्तके, अशी त्याची रचना होती. पात्र उलटे धरले की हंसाची मान हत्तीची सोंड होते आणि हत्तीचे मस्तक हंस होते. एकाच आकारात दोन वस्तू दिसाव्यात, ही दालीची जुनी ओढ होती व १९३७ साली त्याने पाण्यात हत्तींसारखे प्रतिबिंब पडणाऱ्या हंसांचे चित्र काढलेले होते. मोबदला म्हणून त्याने हत्तीचे पिल्लू मागितले, आणि विमान कंपनीने ते बंगळूरहून विमानाने जिनिव्हापर्यंत नेऊन खरोखरीच त्याच्याकडे पोचवले. धूम्रपान करणाऱ्या प्रवाशांच्या हाती अतिवास्तववाद राखेच्या भांड्याच्या रूपाने पडला, हे त्या चळवळीच्या उतारवयाला शोभणारेच होते.

हेन्री मूर हा पहिल्या वाटेच्या जवळचा. त्याचा जन्म १८९८ साली यॉर्कशायरमधील कॅसलफर्ड या खाणवस्तीत झाला व वडील कोळसा-खाणीत कामाला होते. पहिल्या महायुद्धात कांब्रेच्या लढाईत त्याला विषारी वायूची बाधा झाली, आणि बरे झाल्यावर माजी सैनिकांना मिळणाऱ्या मदतीवर त्याने लीड्स येथे शिक्षण घेतले व नंतर तो लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकला. महाविद्यालयात ग्रीक आदर्शांवर भर होता. मूर मात्र सवड मिळेल तेव्हा ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन मेक्सिको, आफ्रिका, इजिप्त येथील शिल्पे पाहत राहिला. मेक्सिकोतील चाकमूल या, पाठीवर रेलून मान वळवलेल्या दगडी आकृतीचा ठसा त्याच्या आडव्या स्त्री-आकृतींवर कायमचा उमटला.

त्याच्या कामामागे थेट कोरणीचे तत्त्व होते. त्या काळी युरोपातील बहुसंख्य शिल्पकार आधी मातीत नमुना करत, मग मोजमापे घेणाऱ्या यंत्राच्या साहाय्याने कारागीर तो संगमरवरात उतरवत, आणि शिल्पकाराचा दगडाला हातही लागत नसे. थेट कोरणीत शिल्पकार स्वतःच छिन्नी-हातोडा घेऊन दगडात उतरतो, दगडाची कठिणाई, त्याचे थर, त्याच्या नसा यांना वळसा घालत वा त्यांचा उपयोग करत आकृती ठरत जाते, व दगड हा अखेरपर्यंत दगडच राहतो, तो कातडी किंवा रेशीम असल्याचे सोंग आणत नाही. हे तत्त्व मूरने शोधलेले नाही. औंधच्या पंचक्रोशीतील कोणत्याही पाथरवटाला ते शिकवावे लागले नसते. परंतु मूरने त्याला अतिवास्तववाद्यांकडून घेतलेली एक जोड दिली. १९३० च्या सुमारास तो गारगोट्या, शंख, हाडांचे तुकडे गोळा करून त्यांची रेखाटने करी, आणि त्याच कागदावर एखाद्या हाडाचा खांदा होई, खड्ड्याचे पोट होई, टोकाला मस्तक येई. आकृती आधी मनात ठरवून ती वस्तूवर लादायची नाही, तर वस्तूतून ती वर येऊ द्यायची, ही स्वयंचलनाचीच रीत होय, केवळ कागद-पेन्सिलीऐवजी ती हाडांना आणि दगडांना लावलेली. सजीवांच्या वाढीची आठवण करून देणाऱ्या, परंतु कोणत्याही एका सजीवाची नक्कल नसलेल्या अशा आकारांना समीक्षक जैवरूप आकार म्हणतात.

१९३६ साली ११ जून ते ४ जुलै या काळात लंडनच्या न्यू बर्लिंग्टन गॅलरीत आंतरराष्ट्रीय अतिवास्तववादी प्रदर्शन भरले. रोलंड पेनरोज, हर्बर्ट रीड, पॉल नॅश यांच्याबरोबर मूर त्याच्या समितीवर होता आणि त्याची शिल्पेही तेथे मांडली होती. पाणबुड्याचा पोशाख चढवून व्याख्यानाला उभा राहिलेला दाली आत गुदमरू लागला व शिरस्त्राण काढण्यासाठी धावाधाव झाली, ती याच प्रदर्शनात. मूर मात्र चळवळीचा शिक्का कपाळी लावून घ्यायला तयार नव्हता. अमूर्तवादी, म्हणजे वस्तूंची नक्कल सोडून केवळ रूप, रेषा, घनता यांची रचना करणारे कलावंत, आणि अतिवास्तववादी यांच्यात तेव्हा कडाक्याचा वाद होता. त्याविषयी १९३७ साली लिहिताना मूरने म्हटले, की हे भांडण अनावश्यक आहे, कारण सर्व चांगल्या कलेत सुव्यवस्था आणि आश्चर्य, जाणीव आणि नेणीव अशी दोन्ही अंगे असतात. त्यामुळे त्याला निखळ अतिवास्तववादी म्हणणे बरोबर होणार नाही, आणि त्या चळवळीवाचून त्याचे आकार घडले असते, असे म्हणणेही तितकेच चुकीचे ठरेल.

माता आणि बालक हा विषय मूरने विशीत घेतला तो अखेरपर्यंत सोडला नाही. एका मोठ्या आकाराला बिलगलेला किंवा त्यातून फुटलेला एक लहान आकार, हे त्या विषयाचे मूळ सूत्र असल्याने शिल्पकाराला त्यात चेहरे, वस्त्रे, भावमुद्रा यांवाचूनही अमर्याद फेरफार करता येतात, असे त्याचे मत होते. औंधला हे शिल्प पाहताना सैरंध्रीपुढे केले तसे करून चालत नाही. रविवर्मांच्या चित्रापुढे उभे राहण्याची एकच योग्य जागा असते, समोरची. मूरचे शिल्प जमेल तितक्या बाजूंनी पाहावे लागते, कारण एका बाजूने जो फुगवटा दिसतो, तो दुसऱ्या बाजूने पाहताना खोबण होतो, आणि कोठे आई संपून मूल सुरू झाले, हे प्रत्येक पावलागणिक बदलत जाते. कथा ठाऊक असण्याची येथे गरज नाही. ज्या प्रेक्षकाला महाभारत पाठ आहे आणि ज्याला ते मुळीच ठाऊक नाही, ते दोघे या दगडापुढे सारखेच अडाणी किंवा सारखेच जाणकार असतात.

मूरच्या कामातील सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत थट्टा झालेली गोष्ट म्हणजे आरपार भोक. शिल्प म्हणजे भरीव वस्तू, हा समज मोडून त्याने व बार्बरा हेपवर्थ या त्याच्या समकालीन शिल्पकर्तीने १९३० नंतरच्या दोनतीन वर्षांत दगडाला आरपार छेद दिले, आणि रिकाम्या जागेलाही भरीव भागाइतकाच आकार व अर्थ असतो, असे दाखवले. भोकामुळे समोरची बाजू मागच्या बाजूशी जोडली जाते, असे त्याचे स्पष्टीकरण होते. समुद्रकाठच्या खडकांतील गुहांची आणि भोके पडलेल्या गारगोट्यांची ओढ हे त्यामागचे कारण.

या ठिकाणी कोयनानगरच्या रहिवाशाला लंडनच्या समीक्षकापेक्षा थोडा अधिक अधिकार पोचतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचा बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, तयार झाला, आणि त्याच खडकावर कोयनेचे १०३ मीटर उंचीचे धरण उभे आहे. लाव्हा थंड होताना त्यातील वायूचे बुडबुडे वरच्या थरात अडकले व त्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. काही तशाच मोकळ्या राहिल्या, काहींत पाण्याबरोबर आलेल्या क्षारांचे पांढरे, हिरवट किंवा गुलाबी स्फटिक भरले. धरणाच्या वा बोगद्याच्या खोदकामातून निघालेल्या दगडांच्या ढिगात असा सच्छिद्र गोटा सहज सापडतो, त्याच्या भोकांच्या कडा आतून गुळगुळीत असतात, आणि तो हातात फिरवला की एखाद्या बाजूने त्यात डोळे, तोंड किंवा कुशीत घेतलेले मूल दिसू लागते. शेंदूर फासून असल्या दगडाचा म्हसोबा करणाऱ्या माणसाने नेमके तेच केलेले असते, जे मूरने आपल्या रेखाटनवहीत केले. फरक असा, की मूर देवापाशी थांबला नाही, तो छिन्नी घेऊन पुढे गेला.

मराठी कलावंतांपैकी अतिवास्तववादाच्या सर्वांत जवळ गेले ते प्रभाकर बरवे (१९३६-१९९५). अलिबागजवळच्या नागावचा त्यांचा जन्म, सर ज. जी. कला विद्यालयात शिक्षण, पुढे बनारसच्या विणकर सेवा केंद्रात नोकरी व तेथे तांत्रिक प्रतीकचित्रांशी परिचय, असा त्यांचा प्रवास झाला. घड्याळ, पान, किल्ली, शंख अशा घरगुती वस्तू एनॅमल रंगांच्या सपाट अवकाशात एकमेकींपासून दूर तरंगत ठेवून त्यांच्यात अबोल नाते निर्माण करण्याची त्यांची रीत अतिवास्तववाद्यांची आठवण करून देते, तथापि तिच्यात दालीचा भपका नाही व धक्का देण्याची हौसही नाही. वस्तूचे रूप, तिची सावली आणि तिची स्मृती यांच्यातील संबंधांविषयी त्यांनी ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) या पुस्तकात मराठीत जे लिहिले आहे, ते या विषयावरील कोणत्याही भाषांतरित ग्रंथापेक्षा मराठी वाचकाने आधी वाचावे. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन झाले. स्वतंत्र संग्रहालय मात्र झालेले नाही. त्यांच्या जन्मगावापासून फार दूर नसलेल्या सासवने येथे शिल्पकार वि. पां. करमरकर यांच्या घरीच त्यांचे शिल्पालय आहे, आणि एका कलावंताला वाहिलेले संग्रहालय साध्या कोकणी घरात किती नेटके चालू शकते, याचा तो नमुना होय.

औंधची फेरी एका दिवसात उरकायची, तर कोयनानगरहून सकाळी लवकर निघणे इष्ट, आणि साप्ताहिक सुटीचा वार आधी विचारून घ्यावा, कारण शासकीय संग्रहालये आठवड्यातून एक दिवस बंद असतात. पाहण्याचा क्रमही विचारपूर्वक ठरवावा. पुष्कळ मंडळी मूरचे नाव ऐकून थेट त्याच्याच शिल्पाकडे जातात व दोन मिनिटांत परत फिरतात, कारण सवय नसलेल्या नजरेला तो दगड काहीच सांगत नाही. आधी लघुचित्रे पाहावीत, ज्यांत एकाच चौकटीत घराच्या आतली खोली व बाहेरची बाग खुशाल शेजारी शेजारी असतात. मग रविवर्मा आणि त्यांच्या वळणाचे चित्रकार पाहावेत, ज्यांनी ही मुभा काढून घेऊन त्या जागी डोळ्याला पटणारी दृष्टी आणली. आणि त्यानंतर मूरकडे यावे. दुपारनंतर उरलेल्या वेळात मूळपीठावर जाऊन येता येते. वरून पश्चिमेकडे पाहिले असता हवा स्वच्छ असेल त्या दिवशी सह्याद्रीच्या दिशेच्या डोंगररांगा दिसतात, आणि परतीची वाट तिकडूनच जाते.